चाल टिकावी असं वाटत असेल तर

पहिलीच चाल बांधतोयस, तर एक कर. सगळी वाद्यं बाजूला ठेव आणि ती नुसती गुणगुणून बघ. साथीशिवाय उभी राहत नसेल, तर ती अजून पुरी झालेली नाही. टिकलेली गाणी माणसांच्या तोंडून पुढे जातात, म्हणून ध्रुवपद न शिकलेल्या गळ्यालाही पेलेल असं ठेव. अंतऱ्यात हवं तर वर जा.

लोक म्हणतात, जुनी गाणी आवडतात ती फक्त तरुणपणाच्या आठवणींमुळे. मला हे अर्धवट वाटतं. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विशीच्या आसपासच्या मुलांना गेल्या अनेक दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. मुलांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटलीच, पण आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही वाटली. त्याही मागच्या, साठच्या दशकातल्या गाण्यांशीही ओढ दिसली! घरात सतत कानावर पडणारं गाणं मूल आपलंसं करतं. म्हणजे तुझं गाणं आधी कुणीतरी घरी, मुलांदेखत पुन्हा पुन्हा लावावं लागेल. शंभराव्यांदाही ते कंटाळवाणं होऊ नये, यासाठी ओळखीच्या वळणात एखादी अनपेक्षित जागा ठेव. एकच पुरे, फार झाल्या की गाणाऱ्याची वाट चुकते.

शब्दांचं म्हणशील तर चालू फॅशनचे शब्द टाळ, ते सगळ्यात आधी शिळे होतात. वाट पाहणं, निरोप, रुसवा यांवर लिही. आणि चाल झाली की आठ दिवस ऐकूच नकोस. नवव्या दिवशी तिचं काय आठवतं ते आधी गाऊन बघ.