वाळूजला पहिल्यांदा कामावर लागताना

राजा, वाळूजच्या एमआयडीसीत कारखान्यात लागलास, बरं झालं. पण गेटवर पाटी कंपनीची असली तरी तुझा पगार ठेकेदार काढणार, हे आधी ध्यानात घे. आमच्या वेळी मालक स्वतः कामाच्या जागी यायचा, बहिणीच्या लग्नाला उचल द्यायचा. त्या बदल्यात ऐन दिवाळीत बोलावलं तरी जावं लागायचं. (तेही काही फार गोड नव्हतं.) आता सुपरवायझर व्हॉट्सॲपवर शिफ्ट बदलतो. ते मेसेज पुसू नकोस, ओव्हरटाइमचा वाद झाला की तेच कामी येतात.

नेमणूकपत्र मागून घे. पगाराची स्लिप आली की आधी कपातीचा रकाना बघ: पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के, पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) 0.75 टक्के. कापलेला पीएफ खरंच भरलाय का, ते उमंग ॲपवरच्या पासबुकात दिसतं. अधूनमधून बघत जा. ठेकेदार बदलला तरी यूएएन नंबर (पीएफचा तुझा कायमचा नंबर) जुनाच द्यायचा. नवा काढलास तर पुढं पैसे एकत्र करताना जीव जातो.

आणि एचआरवाले 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणाले, तर हसून मान हलव. रजेचा अर्ज मात्र लेखीच दे.