भगवा झेंडा आणि जरीपटका एकच का?

ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न मला फार आवडला. पानिपतावरच्या नाटुकल्यात त्याच्या तोंडी 'हत्तीवर जरीपटका डुलतोय' असं वाक्य आहे आणि तो विचारतोय की जरीपटका म्हणजेच आपला भगवा झेंडा का. नाही, दोन वेगळी निशाणं आहेत, आणि आपण साताऱ्याचे, आपल्याला तरी हा फरक माहीत असायलाच हवा.

आधी शब्द बघा. आमचे आजोबा बाजारला निघाले की पांढरा पटका बांधायचे, एक टोक मला धरायला लावायचे आणि सोप्यातून पार अंगणापर्यंत मी ते ताणून उभा राहायचो, मग ते पीळ देत देत डोक्याला गुंडाळायचे. तोच हा पटका. डोक्याला नाहीतर कमरेला गुंडाळायचं लांब कापड, मूळ संस्कृत 'पट' म्हणजे वस्त्र, आणि त्याला जर, म्हणजे सोन्याचांदीची तार, लागली की जरीपटका. नावात कापड आहे, जर आहे, रंग नाहीच. भगव्याचं बरोबर उलटं, तिथं नावच रंगाचं, गेरूत रंगवलेल्या संन्याशाच्या छाटीचा रंग. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला माऊलींचं उभं रिंगण बघितलंत तर वारकऱ्यांच्या खांद्यावर पताका त्याच रंगाच्या. समर्थांच्या छाटीचा झेंडा झाला ही गोष्ट सज्जनगडाच्या वाटेवर कुणीही सांगेल, ती आख्यायिका म्हणूनच घ्यायची, पण लोकांनी या रंगात त्याग बघितला हे तिच्यातून नीट कळतं.

आता वापर. भगवा हे छत्रपतींच्या राज्याचं निशाण (निशाण फारसीतून आलं, निशान म्हणजे खूण). जरीपटका मानाचा, तो छत्रपतींकडून मिळायचा आणि मोहिमेवर फौजेबरोबर हत्तीवरून चालायचा, पुढं पुढं तर तो पेशव्यांच्या फौजेचीच ओळख होऊन बसला.

आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही, त्याचा पुरावा आपल्या अजिंक्यताऱ्यावरच आहे. फेब्रुवारी 1818 मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा त्यांनी आधी स्वतःचं निशाण चढवलं, पण ते लगेच उतरवून तिथं भगवा झेंडा लावला. जरीपटका नाही, भगवा! कारण लढाई पेशव्यांशी होती आणि इंग्रजांचा इथला कारभार बघणाऱ्या एल्फिन्स्टनला लोकांना पटवायचं होतं की आम्ही छत्रपतींची गादी राखणार आहोत, आणि तेवढं सांगायला त्याच्या जाहीरनाम्याआधी ते एक कापड पुरेसं होतं, बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं कुठलं निशाण कुणाचं. पुढं 1848 ला गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात छत्रपतींचं तेही राज्य खालसा केलं ही गोष्ट वेगळी, ती आठवली की अजून जीव तुटतो.

तेव्हा मुलाला सांगा, पानिपतावर हत्ती आहे ना, मग जरीपटकाच बरोबर, वाक्य बदलू नको. गडाचा प्रसंग असेल तिथं मात्र भगवा म्हण.