क्रिसोस्टममधलं सोनं

प्रश्न असा आहे: 'चर्चच्या स्मरणिकेसाठी संत जॉन क्रिसोस्टम यांच्यावर लेख लिहिते आहे. क्रिसोस्टम हे त्यांचं आडनाव होतं का? त्यात ख्रिस्त हा शब्द आहे ना? आणि मराठीत सुवर्णमुख लिहू की सुवर्णमुखी?'

आडनाव नव्हतं. त्यात ख्रिस्त नाही. मराठीत सुवर्णमुख लिहा.

'ख्रिस्तोस्तम' असं लिहिलेलं आणि त्याचा अर्थ 'ख्रिस्ताचं मुख' असा छातीठोकपणे सांगितलेला मी इतक्यांदा वाचला-ऐकला आहे, की आता राहवत नाही. ग्रीकमध्ये ख्रिस्तोस म्हणजे तेलाने माखलेला, अभिषिक्त. तो हिब्रू 'माशिआह'चा शब्दशः अनुवाद. हिब्रू शब्दाचं अरबी भावंड फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे 'मसीहा' म्हणून आलं. क्रिसोस्टममध्ये आहे तो ख्रुसोस, म्हणजे सोनं. त्यातला स्वर 'उ' आणि 'ई'च्या मधला, ओठांचा चंबू करून उच्चारायचा. तो दाखवायला रोमन लोकांनी वाय हे अक्षर ग्रीकांकडून घेतलं. म्हणून इंग्रजी स्पेलिंगमध्येही ख्रिस्ताला आय आणि क्रिसोस्टमला वाय. एवढं पाहिलं असतं तरी हा घोळ झाला नसता.

'मुखी'चंही तसंच. पुरुष अंतर्मुख असतो, अंतर्मुखी नव्हे. सुवर्णमुखी हे स्त्रीलिंगी रूप. श्रीकाळहस्तीजवळून वाहणारी नदी स्वर्णमुखी. 'सोनामुखी' तर मुळीच लिहू नका, ती पोट साफ करायची पाला-औषधी आहे.

आता ख्रुसोस. संस्कृत 'ह'च्या जागी ग्रीकमध्ये 'ख' सापडतो (आपलं हिम आणि त्यांचं ख्योन, म्हणजे बर्फ), म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या व्युत्पत्तिकारांनी ख्रुसोसची गाठ हिरण्याशी मारली. आपल्याकडचे काही विद्वान अजून तेच सांगतात आणि त्यावर 'बघा, सगळं संस्कृतातून गेलं' अशी इमारत उभी करतात. पहिल्या अक्षरापलीकडे हे जुळत नाही. ख्रुसोस हा उसना शब्द आहे: प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत खुरासु, हिब्रूत खारूस, दोन्हींचा अर्थ सोनं. सोनं पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांबरोबर आलं आणि नाव घेऊन आलं. मायसिनी या प्राचीन ग्रीक संस्कृतीच्या काळातल्या मातीच्या पाट्यांवर 'कुरुसो' कोरलेलं आहे, म्हणजे शब्द तीन हजारांहून अधिक वर्षं ग्रीकांच्या तोंडी आहे.

पण मला खरा आनंद देतो तो दुसरा अर्धा भाग, स्तोमा. स्तोमा म्हणजे तोंड. पानाला असतात ती पर्णरंध्रं म्हणजे स्टोमाटा आणि शस्त्रक्रियेतली कोलोस्टॉमी (आतड्याला पोटावर काढलेलं तोंड), दोन्ही याच घरातली. याच स्तोमापासून स्तोमाखोस झाला: आधी घसा, मग अन्ननलिकेचं पोटाशी असलेलं तोंड, शेवटी पोटच. इंग्रजी स्टमक तो हाच. आपणही 'घरात खाणारी तोंडं किती' असं विचारतो तेव्हा पोटंच मोजतो. माझं ठाम मत आहे की या संताचं नाव पोटाशिवाय समजत नाही. सगळे चरित्रकार 'सोन्यासारखी वाणी' म्हणून पुढे जातात, तिथेच चुकतात.

पाहा ना. हा माणूस इ. स. 347च्या सुमारास अंत्युखिया (इंग्रजीत अँटिऑक) या शहरात जन्मला. आई अन्थुसा विसाव्या वर्षी विधवा झाली आणि तिने त्याला वाढवलं. (अन्थोस म्हणजे फूल, अन्थुसा म्हणजे फुलणारी. लेकाचं सोनं आणि आईचं फूल जोडलं की क्रिसॅन्थेमम होतं, आपली शेवंती.) वक्तृत्व तो लिबानियसकडे शिकला, जुन्या देवांना मानणाऱ्या नामांकित गुरूकडे. मग डोंगरात तपाला गेला, दोन वर्षं एकटा गुहेत, धड न झोपता. तिथे पोट कायमचं बिघडलं. म्हणून शहरात परतला. पोट धड राहिलं असतं तर हे तोंड गुहेतच राहिलं असतं!

386 साली तो धर्मगुरू झाला. पुढच्याच वर्षी नव्या करावरून दंगल उसळली, लोकांनी रोमन सम्राट थिओडोसियसचे आणि त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडले. शहर शिक्षेच्या भीतीने गोठलं असताना योहान (जॉनचं मराठी रूप) उपवासकाळात बोलत राहिला. ती 'पुतळ्यांवरची प्रवचनं' म्हणून प्रसिद्ध आहेत. मालिकेतलं पहिलं प्रवचन दंगलीच्या थोडं आधीचं, आणि त्याचं वचन कोणतं? पौलाने तीमथ्याला केलेला उपदेश: पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. ग्रीकमध्ये तिथे स्तोमाखोसच आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानावरच्या पन्नासाव्या प्रवचनात तर सोनं आणि पोट समोरासमोर येतात. ख्रिस्त भुकेने मरत असताना त्याच्या वेदीवर सोन्याचे पेले मांडून काय उपयोग, असं तो विचारतो. आधी भुकेल्याला जेवू घाला, उरेल त्यातून वेदी सजवा. देवाला सोन्याची भांडी नकोत, सोन्याचे आत्मे हवेत. लेखात दुसरं काही नसलं तरी चालेल, हे हवंच.

398 साली तो कॉन्स्टँटिनोपलचा (आजच्या इस्तंबूलचा) बिशप झाला. मेजवान्या बंद केल्या, वाचलेला पैसा रुग्णालयांकडे वळवला, स्वतः एकटा जेवू लागला, कारण पोट साथ देत नव्हतं. 403च्या धर्मसभेत विरोधकांनी नेमका हाच आरोप ठेवला: एकटा बसून सायक्लॉप्स राक्षसासारखा चरतो! सम्राज्ञी युडॉक्सियाचा रोष होताच. 404 साली त्याला हद्दपार केलं. आणखी दूर पायपीट करवत नेत असताना 14 सप्टेंबर 407 रोजी कोमाना इथे त्याने प्राण सोडला. हयातीत तो नुसता योहान होता. 'सुवर्णमुख' हे बिरुद त्याला मागाहून चिकटलं, आणि तेही आधी दिओन नावाच्या दुसऱ्या वक्त्याने वापरून झालेलं होतं.

एक गोष्ट मात्र गाळू नका. याच तोंडून अंत्युखियातल्या यहुद्यांविरुद्ध आठ प्रवचनं निघाली, आणि त्यांतली विखारी भाषा पुढे शतकानुशतकं द्वेष पसरवायला वापरली गेली. स्मरणिकांमधून हे वगळलं जातं, ते मला मान्य नाही.

तर मथळा 'सुवर्णमुख संत योहान' करा, आणि कंसात क्रिसोस्टम. क्रिसोस्टममध्ये 'त' कुठेही घुसू देऊ नका.