सारखं सांगूनही ती तेच करते, वॉर्निंग देऊ का?

प्रश्न: नमस्कार ताई, ऑटिझम असलेल्या मुलांसोबत एबीए (वागणुकीच्या अभ्यासावर आधारलेली थेरपी) करणाऱ्या सेंटरमध्ये मी आधी थेरपिस्ट होते, आता प्रमोशन होऊन सुपरवायझर झालेय. टीममधल्या एकीचा मुलांवर खूप जीव आहे पण प्रोग्रॅममध्ये ५ सेकंद थांबून मग प्रॉम्प्ट (मुलाला उत्तरासाठी मदत) द्या असं लिहिलंय तर ती थांबतच नाही, आणि डेटा, म्हणजे मुलाने काय केलं त्याची नोंद, पण सेशन संपल्यावर आठवून आठवून भरते. मीटिंगमध्ये कितीदा सांगितलं, हो हो म्हणते आणि परत तेच. लेखी वॉर्निंग देऊ का? एकेकाळी आम्ही बरोबरीने काम केलंय, त्यामुळे जास्तच अवघड वाटतंय.

उत्तर: वॉर्निंग आत्ता नको. अहो, एखादं मूल सांगितलेलं करत नसेल तर आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो का? आधी काय घडलं, नंतर काय घडलं ते बघतो ना, मग स्टाफला पण तोच नियम लावा.

तिच्या सेशनला जाऊन बसा. बऱ्याचदा काय दिसतं, मूल कुरकुरायला लागतं, ही पटकन त्याचा हात धरून बरोबर कार्डावर ठेवते आणि कुरकुर थांबते. म्हणजे घाई केल्याचा फायदा तिला तिथल्या तिथे मिळतो आणि तुमचं बोलणं येतं चार दिवसांनी मीटिंगमध्ये, मग सवय बदलणार कशी? डेटाचंही बघा, शीट हाताशी असते का, दोन सेशनच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ आहे का? २०१३ मध्ये आलेली पीडीसी-एचएस नावाची चेकलिस्ट आहे ती नेमकं हेच विचारायला लावते, की ट्रेनिंग कमी पडलंय, काय करायचं ते स्पष्ट नाहीये, साहित्य आणि सोय नाहीये, की केल्यानंतर कोणी दखलच घेत नाही. कारण वेगळं तर उपाय वेगळा, शीटच हाताशी नसेल तर परत ट्रेनिंग देऊन काही होणार नाही.

ट्रेनिंग कमी पडलंय असं दिसलं तर बीएसटी करा, म्हणजे सांगा, करून दाखवा, तिच्याकडून करून घ्या आणि लगेच फीडबॅक द्या, नीट जमेपर्यंत. आपल्याकडे पहिल्या पायरीलाच ट्रेनिंग म्हणतात हे मला मनापासून खटकतं. तुम्ही मूल व्हा, कुरकुर करा, तिला मनात ५ मोजू द्या. आणि "छान केलंस" एवढ्यावर सोडू नका, "तो रडवेला झाला तरी तू पूर्ण थांबलीस आणि त्याने स्वतःहून कार्ड उचललं" असं नेमकं सांगा, तेही त्याच दिवशी. चुकलेलं मात्र सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन.

आरबीटी (सुपरवायझरच्या देखरेखीखाली थेरपी देणारे सर्टिफाइड टेक्निशियन) स्टाफसाठी महिन्याच्या थेरपीच्या तासांच्या किमान ५ टक्के सुपरविजन लागतं, म्हणजे १०० तासांना ५ तास. ते फाइल तपासण्यात घालवू नका, जास्तीत जास्त खोलीत घालवा. तिला हेही विचारा की माझ्याकडून तुला काय हवंय, आणि जे सांगेल त्यातलं एक तरी त्याच आठवड्यात करा, जुनी मैत्रीण असल्याचं अवघडलेपण त्यानेच कमी होईल.

एवढं करूनही फरक पडला नाही तर लेखी वॉर्निंग द्या. आणि डेटा मुद्दाम खोटा भरला जात असेल किंवा मुलाला इजा होईल असं काही दिसलं तर मात्र यातल्या कशासाठीच थांबू नका, त्याच दिवशी वर कळवा.