मित्राचे जुने हेल्मेट को-ड्रायव्हरला चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे की, तुम्ही सोलापुरात राहता, मोटार रॅलीसाठी मित्राच्या गाडीत पहिल्यांदाच को-ड्रायव्हर म्हणून, म्हणजे शेजारी बसून चालकाला वळणांच्या नोंदी वहीतून वाचून दाखवायला, बसणार आहात, हाताशी एक लाख रुपये आहेत, तर सुरक्षेचे कोणते साहित्य घ्यावे आणि मित्राचे जुने हेल्मेट चालेल का. शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो : चालणार नाही. आपल्याकडे गाडी, सस्पेन्शन आणि टायर यांवर खर्च झाल्यावर जे उरते, ते चालकाच्या साहित्याला जाते; आणि चालकाने वापरून टाकलेले को-ड्रायव्हरच्या वाट्याला येते. ही रीत मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे सांगितल्याशिवाय मला साहित्याबद्दल बोलता येणार नाही.

मीही सोलापूरचाच आहे. आमचा गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, गाडी रॅलीसाठी तयार केली आणि मला शेजारी बसायला सांगितले. केज (गाडीच्या आतला लोखंडी नळ्यांचा पिंजरा), सस्पेन्शन आणि मातीचे टायर यांत त्याचे सगळे पैसे संपले. माझ्या सूटचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "आपला कारखाना असताना हजारो रुपये कशाला घालायचे? जाड सुती ड्रिल घेऊ, त्यावर आग न लागणारे रसायन चढवू आणि आपल्याच मशीनवर शिवू." माझे वडील, आबा, तेव्हा कटिंगच्या टेबलाशी उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी एक सुती चिंधी, पॉलिएस्टरच्या शिलाई-दोऱ्याचा एक तुकडा आणि एका परिचितांकडून आणलेल्या जुन्या रेसिंग सूटची कातरण असे तिन्ही चिमट्यात धरून एकामागून एक पेटवले. सूत भुरभुर जळून राख झाले. दोरा वितळला, त्याचा काळा थेंब टेबलावर पडला आणि तिथेच चिकटला. सूटचे कापड काळे पडले, किंचित जाड झाले आणि ज्योत बाजूला घेताच विझले. आबा एवढेच म्हणाले, "कापड कसलंही घे, शिलाई वितळली की सूट उसवला. आणि हा थेंब अंगावर पडला तर कातडीसकट निघेल." कापडाच्या धंद्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी स्वतःच्या कारखान्यात सूट शिवायला नकार दिला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

म्हणून सूटबद्दल माझे मत ठाम आहे. नोमेक्ससारख्या अरामिड (न वितळणाऱ्या, आगरोधक) धाग्याचा, अरामिडच्याच दोऱ्याने शिवलेला आणि एफआयएच्या, म्हणजे मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या, 8856-2000 किंवा 8856-2018 या मानकाचे लेबल असलेला सूट घ्यावा. असा सूट आगीत थांबून राहण्यासाठी नसतो. सीटचे पट्टे सोडून बाहेर पडण्यापुरते दहा-बारा सेकंद देतो. आतले पूर्ण बाह्यांचे कपडे, बालाक्लाव्हा (डोके आणि मान झाकणारी टोपी) आणि मोजेही त्याच मानकाचे असावेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसला टेकतो, म्हणून आत क्रिकेटची पॉलिएस्टर जर्सी घालणारे मी पाहिले आहेत. तो वितळलेला थेंब त्यांनी पाहिलेला नसतो. सूटवर नाव भरतकामाने घालायचे असेल, तर दोरा अरामिडचा असावा आणि टाके सर्व थरांतून आरपार जाऊ नयेत. हातमोजे को-ड्रायव्हरला एफआयएच्या नियमांनुसार ऐच्छिक आहेत. मी ते घालत नाही, कारण त्यांनी वहीचे पान उलटत नाही.

आता हेल्मेटविषयी. सूट बाहेरून घ्यायचे ठरल्यावर दादाने हेल्मेटवर बचत केली आणि मला त्याचे मोटारसायकलचे आयएसआय हेल्मेट दिले. आयएस 4151 हे मानक दुचाकीस्वारासाठी आहे आणि दुचाकीवर ते योग्यच आहे. पण त्यात मोटार शर्यतीतील आगीचा विचार नाही आणि लोखंडी केजच्या नळीवर डोके आपटण्याचाही नाही. हेल्मेटची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील स्नेल संस्थेच्या मानकांतही दुचाकीचे 'एम' आणि मोटार शर्यतीचे 'एसए' असा भेद आहे, तो याच कारणाने. रॅलीच्या आदल्या दिवशी स्क्रूटिनीत तपासनीसांनी ते हेल्मेट हातात घेतले, आतला शिक्का पाहिला आणि परत दिले. मग त्यांनी माझ्या बाजूच्या पट्ट्यांचे लेबल उलटून पाहिले, तर त्यांची मुदत संपलेली होती. चालकाचे पट्टे नवे होते आणि माझे जुन्या गाडीतून काढून बसवलेले होते, हे मला तिथे उभे असताना कळले. दादा तपासनीसांशी वाद घालत होता की, "तो काय गाडी चालवतो का? तो नुसता वाचणार आहे." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

नुसता वाचणार आहे, हेच को-ड्रायव्हरला अधिक संरक्षण देण्याचे कारण आहे. चालकाला धडक येताना दिसते. त्याच्या हातात स्टिअरिंग असते आणि तो अंग आवळून धरतो. को-ड्रायव्हरची मान खाली असते, दोन्ही हात वहीला गुंतलेले असतात, आणि गाडी कशावर जाणार आहे हे त्याला आदळल्यावर कळते. 18 सप्टेंबर 2005 रोजी वेल्समधील रॅलीत मार्को मार्टिन यांची प्यूजो 307 झाडावर आदळली. धडक को-ड्रायव्हरच्या बाजूला बसली आणि मायकेल पार्क यांचा मृत्यू झाला, मार्टिन वाचले. जागतिक स्पर्धेतल्या गाडीत ही परिस्थिती, तर आपल्या हौशी गाडीत दुय्यम साहित्य कोणत्या आधारावर घ्यायचे?

त्या दिवशी एका ज्येष्ठ को-ड्रायव्हरांमुळे माझी अडचण सुटली. त्यांच्या गाडीचे इंजिन सकाळीच बसले होते आणि त्यांनी माघार घेतली होती. त्यांनी आपले हेल्मेट, हान्स (खांद्यांवर बसणारी आणि दोऱ्यांनी हेल्मेटला जोडलेली, मान वाचवणारी चौकट) आणि स्वतःच्या सीटचे पट्टे काढून माझ्या स्वाधीन केले. हेल्मेटमधल्या इंटरकॉमची पिन आमच्या गाडीतल्या संचाला बसेना. पेल्टर आणि स्टिलो या दोन कंपन्यांच्या इंटरकॉमची जोडणी वेगळी असते हे मला तोवर ठाऊक नव्हते. सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेत, फिरून रात्री नऊच्या सुमारास एक अॅडॅप्टर मिळाला. सगळे पुन्हा तपासून घेतले आणि आम्हाला परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या स्टेजमध्ये (रॅलीच्या वेगाच्या टप्प्यात) डाव्या वळणावर मागची चाके घसरली. मी पुढच्या वळणाची नोट वाचत होतो. गाडी प्रथम नाकाने दगडी बांधावर गेली आणि मग माझ्या बाजूने त्याच बांधावर आपटली. पहिल्या आदळीत धड पट्ट्यांनी जागीच धरले आणि डोके पुढे फेकले गेले, पण हेल्मेटला अडकवलेल्या दोन दोऱ्यांनी ते मध्येच थांबवले. दुसऱ्या आदळीत हेल्मेटची डावी बाजू केजच्या नळीला लागली. मला खांद्याच्या हाडावर पट्ट्याचे निळे वळ आणि आठवडाभर आखडलेली मान, एवढेच झाले. मिशिगन स्टेट विद्यापीठातले जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे रेसर मेहुणे जिम डाउनिंग यांनी हान्स तयार केला, तो नेमका या पहिल्या आदळीसाठी, कारण धड थांबते आणि डोके थांबत नाही तेव्हा कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर होऊ शकते. फॉर्म्युला वनमध्ये तो 2003 पासून सक्तीचा झाला. त्याशिवाय मी पुन्हा कधी कोणाच्याही गाडीत बसलो नाही, सरावालासुद्धा.

यावरून तुमच्या एक लाखाची विभागणी लक्षात येईल. आधी 8859-2015 किंवा त्याहून नव्या मानकाचे, हान्सच्या खुंट्या बसवलेले हेल्मेट आणि 8858-2010 मानकाचा हान्स घ्यावा. रकमेचा मोठा भाग यातच जाईल आणि तो जाऊ द्यावा. त्यानंतर सूट आणि आतले कपडे. बूट चालकासारखे पातळ तळाचे नकोत, कारण गाडी अडकली की मागून येणाऱ्यांना इशारा देणारा त्रिकोण घेऊन किमान 50 मीटर मागे धावत जाण्याचे काम तुमचे असते. पट्टे आणि सीट हा गाडीच्या मालकाचा खर्च आहे, तो तुमच्या लाखातून करू नका. पण पट्ट्यांवरची मुदत स्वतः वाचा, कमरेचा पट्टा पोटावर न येता ओटीपोटाच्या हाडांवर बसतो ना हे पाहा, आणि पट्टे बांधलेल्या अवस्थेत पट्टा कापायचे कटर हाताला लागते का हे डोळे मिटून करून पाहा. स्पायरल वही, दोरीने बांधलेल्या दोन मऊ पेन्सिली आणि स्टॉपवॉच यांना फारसा खर्च नाही. पेन घेऊ नका, घामाने ओल्या झालेल्या पानावर ते उमटत नाही.

मी आधी सांगायला हवे होते ते आता सांगतो : मी केवळ हौशी पातळीवर रॅली केल्या आहेत. स्पर्धेनुसार अटी बदलतात, त्यामुळे खरेदीआधी एफएमएससीआयचे (भारतातील मोटार स्पर्धांच्या संघटनेचे) त्या वर्षीचे नियम आणि स्पर्धेची पुरवणी नियमावली वाचावी. तुमची स्पर्धा सार्वजनिक रस्त्यावरची, वेळ आणि सरासरी वेग सांभाळण्याची असेल, तर यातले पुष्कळसे साहित्य लागणार नाही. मित्राचे हेल्मेट शर्यतीच्या मानकाचे, तुमच्या मापाचे आणि खरोखरच एकही आघात न घेतलेले असेल, तर माझा नकार तेवढा कडक राहणार नाही. पण आघात घेतलेला नाही हे तुम्हाला त्याच्या शब्दावरच मानावे लागेल.

आघात घेतलेल्या हेल्मेटवरूनच दादाचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. अपघातानंतर त्या ज्येष्ठांना हेल्मेट परत करताना मी म्हटले की आपण दोघांनी मिळून त्यांना नवे घेऊन द्यावे. दादाचे म्हणणे पडले की, बाहेरून ओरखडाही नाही, मग नवे कशाला. हेल्मेटच्या कवचाआतले फोम एकदाच दबण्यासाठी असते. ते दबून आघात शोषून घेते आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरचा रंग शाबूत असला तरी त्या जागी पुढच्या धडकेसाठी काही उरलेले नसते. मी आतले अस्तर काढून डाव्या बाजूची दबलेली जागा त्याला बोटाने दाखवली. त्याने अर्धे पैसे दिले नाहीत. मी आबांकडून उसने घेऊन नवे हेल्मेट पोचते केले आणि जुने त्यांच्यासमोर करवतीने कापले, म्हणजे ते पुढे कोणा नवशिक्याच्या डोक्यावर जाणार नाही. दर दिवाळीला हा विषय निघतो आणि दर दिवाळीला तो म्हणतो की मी विनाकारण खर्च केला.

म्हणून मित्राच्या गाडीत बसण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून दोघांनी सह्या करा : अपघात झाल्यास को-ड्रायव्हरचे हेल्मेट बदलण्याचा खर्च गाडीच्या दुरुस्तीत धरायचा की नाही. मित्र तयार झाला, तर इंटरकॉम कोणत्या कंपनीचा आहे हे त्याला विचारून मगच हेल्मेट मागवा.