आमची सिटी कौन्सिल युटिलिटी टॅक्स नोव्हेंबरच्या बॅलटवर आणायचं म्हणतेय. मी एच-१बीवर आहे, मत नाही. सभेला जाऊन काही उपयोग आहे का? (कॅलिफोर्निया)

आहे, आणि जायचं तर आत्ताच जा. मतदान नोव्हेंबरात असलं तरी कर कसा असणार हे ठरतं उन्हाळ्यातल्या सभांमध्ये. निवडणुकीच्या ८८ दिवस आधी प्रस्ताव काउंटीकडे (म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे) पोचवावा लागतो. ऑगस्ट उजाडला की मसुद्यात हात घालायची वेळ जवळजवळ संपलेली असते.

हा कर म्हणजे वीज, गॅस, फोन आणि काही ठिकाणी पाणी यांच्या बिलावर शहर लावतं ती टक्केवारी. इथल्या सुमारे दीडशे शहरांत तो आहे. ५ टक्के दर धरला तर २५० डॉलरच्या बिलावर साडेबारा डॉलर. टक्केवारी असल्यामुळे वीज महागली की करही वाढतो, आणि त्यासाठी पुन्हा कोणाला विचारावं लागत नाही. तुम्ही भाड्याने राहत असलात तरी बिल तुमच्या नावावर असेल तर तो तुम्हीच भरणार. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने (राज्यभरच्या मतदारांनी मंजूर केलेला कायदा) घरपट्टी मूल्याच्या १ टक्क्यावर बांधली आणि ते करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढू दिलं नाही, म्हणून शहरं अशा करांकडे वळतात.

महाराष्ट्रात घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागतं ते राज्य सरकार ठरवतं, आपल्याला कोणी विचारत नाही. इथे १९९६ च्या प्रपोझिशन २१८ पासून लोकांच्या मताशिवाय शहराला असा कर लावता किंवा वाढवता येत नाही. खरी मेख मात्र इथेच आहे. पैसा जनरल फंडात, म्हणजे शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत, जाणार असेल (याला जनरल कर म्हणतात) तर साधं बहुमत पुरतं, पण मग तो कशावरही खर्च करता येतो. कौन्सिलने तो फक्त अग्निशमन दलासाठी किंवा ग्रंथालयासाठी बांधून घेतला तर दोन तृतीयांश मतं लागतात. त्यामुळे बहुतेक कौन्सिल पहिला मार्ग धरतात आणि भाषणात मात्र अग्निशमन दलाचं नाव घेतात. सभेत हे थेट विचारा: पैसा कायद्याने बांधलेला आहे की नुसता शब्द दिलाय?

जनरल कर बॅलटवर ठेवायलाच बहुतेक शहरांत कौन्सिलची दोन तृतीयांश मतं लागतात. पाच जणांच्या कौन्सिलमध्ये चार, सात जणांच्या कौन्सिलमध्ये पाच. म्हणजे पाचांपैकी दोन किंवा सातांपैकी तीन सदस्य अडले की प्रस्ताव पडतो. कुंपणावरचे सदस्य कोण ते आधीच्या सभेच्या व्हिडिओवरून कळतं. त्यांना ईमेल करा, त्यांच्यासमोर बोला.

माझं मत विचाराल तर मी कराच्या विरोधात नाही. रस्ते आणि ग्रंथालयं फुकट चालत नाहीत. पण दोन अटींशिवाय मी अशा प्रस्तावाला मत देणार नाही: ठरावीक वर्षांनी कर आपोआप संपावा, आणि वीजबिलात केअर सवलत मिळणाऱ्या कमी उत्पन्नाच्या घरांना तो माफ असावा. मिळकतीच्या मानाने हा कर गरिबाला जास्त जड जातो. अर्थात माफी घातली की मतं मिळतातच असं नाही. २०२० मध्ये बर्कलीने कमी उत्पन्नाच्या घरांना सूट देऊन दर ७.५ वरून १० टक्क्यांवर न्यायचा प्रस्ताव मांडला, तो हरला. त्याच निवडणुकीत शेजारच्या ऑल्बनीत वीज-गॅसवरचा कर ७ वरून ९.५ टक्क्यांवर गेला. तरीही अट योग्यच आहे.

बोलायला नागरिकत्व लागत नाही, तिथे राहणारा कोणीही बोलू शकतो. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो. त्यातला विषय क्रमांक पाहा आणि स्टाफ रिपोर्ट (शहराच्या अधिकाऱ्यांनी त्या विषयावर लिहिलेला अहवाल) वाचून जा. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, तेव्हा एकच मुद्दा आणि तुमच्या बिलाचा आकडा पुरे. ओळखीत कोणी नागरिक झालेलं असेल तर त्यालाही न्या. मतदार पुस्तिकेत बाजूने आणि विरोधात प्रत्येकी ३०० शब्दांपर्यंतचा युक्तिवाद छापतात, आणि त्यावर मतदार म्हणून त्याला सही करता येईल.