छळ सोसलेल्या ख्रिस्ती माणसांचे पोर्ट्रेट काढून प्रदर्शन भरवायचं आहे, काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाला येत्या नोव्हेंबरात नाशिकमध्ये छळ सोसलेल्या ख्रिस्ती लोकांच्या पोर्ट्रेटचं प्रदर्शन भरवायचं आहे, कॅमेरा आहे, दोन-तीन कुटुंबांची ओळख आहे. फोटोतली माणसं 'बिचारी' दिसू नयेत, कुणाला त्रास होऊ नये. आणि असल्या फोटोंनी खरंच काही होतं का, हेही तुम्ही विचारलंय.

शरणपूर रोडच्या जवळ माझा स्टुडिओ आहे, अठरा वर्षं झाली. पासपोर्ट, बारशी, लग्नं हे रोजचं काम. तुम्ही म्हणता तसं प्रदर्शन मी एकदा केलंय, नऊ फोटोंचं. त्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते.

नऊ जणांत पन्नाशीच्या एक बाई होत्या, ओडिशातल्या कंधमालच्या. मुलाच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. फोटो सुंदर आला होता. खाली मी त्यांचं नाव, गाव आणि काय घडलं ते सगळं लिहिलं. मला वाटलं, खरं सांगायचं तर पूर्ण सांगावं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मजकुरासकट त्याचा फोटो मोबाइलवर काढला आणि ग्रुपवर टाकला. फिरत फिरत तो त्यांच्या गावी पोचला. गावात अजून त्यांचे दीर राहतात. त्यांना फोन आला की तुमची भावजय नाशिकला काय बोलत सुटलीय. संध्याकाळी बाई हॉलवर आल्या. चिडल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "दीदी, मेरा फोटो उतार दो." मी लगेच उतरवला. पुढचे तीन दिवस भिंतीवर आठ फोटो आणि एक रिकामा खिळा होता.

त्यानंतर मी एक नियम पाळते, तुम्हीही पाळा. चेहरा, खरं नाव आणि गाव ही तिन्ही एका फोटोखाली कधीच येऊ द्यायची नाहीत. चेहरा दाखवायचा तर नाव बदला आणि फार तर जिल्हा लिहा. नाव लिहायचंच असेल तर चेहरा नको. हात घ्या, पाठ घ्या, खिडकीकडे तोंड करून बसवून काळी आकृती घ्या. कुठलं ते फोटोतल्या माणसाने ठरवायचं, आणि धोका किती आहे हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. लहान मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापण्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने बंदी आहे. अशा दोन्ही ठिकाणी 'त्यांची हरकत नव्हती' म्हणून विषय सोपा करून घेऊ नका.

बाप्तिस्मा कधी झाला, कुणी दिला, हे मजकुरात अजिबात नको. ओडिशात १९६७ पासून आणि मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतराविषयी कायदे आहेत, पुढे आणखी राज्यांनी केले. तुमची साक्ष म्हणून लिहिलेली ओळ उद्या एखाद्या पाळकाविरुद्धच्या तक्रारीला जोडली जाऊ शकते. फोटोची फाइल कुणाला पाठवण्याआधी तिच्यातली जागेची माहिती काढून टाका. मोबाइलने काढला असेल तर कुठे काढला ते फाइलमध्ये नोंदलेलं असू शकतं. मागे गाडीची नंबर प्लेट, मुलाच्या शाळेचा बिल्ला, दारावरची पाटी दिसत नाही ना, हेही मोठ्या स्क्रीनवर एकदा बघून घ्या.

संमतीचा कागद त्यांच्या भाषेत हवा. मी मराठीत केला होता आणि हिंदीत समजावून सांगितलं होतं, माना डोलावल्या गेल्या. नंतर एका कामगाराकडून ओडियात लिहून घेतला, मोठ्याने वाचायला लावला, तेव्हा पहिल्यांदा प्रश्न आले: पेपरात येणार का? कधीपर्यंत लावणार? नको वाटलं तर काढता येईल का? या तिसऱ्याचं उत्तर 'हो, कधीही' असलंच पाहिजे, आणि कुणाला फोन करायचा तो नंबर कागदावर हवा.

आता 'बिचारे' दिसण्याबद्दल, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते.

सातपूरला एक गृहस्थ आहेत, कारखान्यात काम करतात. २००८ मध्ये कंधमालला दंगल पेटली तेव्हा ते विशीत होते. घर जळालं, दोन रात्री जंगलात काढल्या, मग मदत छावणी, मग सुरत, मग नाशिक. मी गेले तेव्हा माझ्या डोक्यात फोटो आधीच तयार होता: पोपडे निघालेली भिंत, बाजूने उजेड, खाली झुकलेले डोळे. त्यांनी मला अर्धा तास थांबवलं. दाढी केली, केसांना तेल लावलं, शर्टाचं वरचं बटणही लावलं. मग खुर्ची उचलून त्या भिंतीपासून लांब नेली आणि लोखंडी कपाटासमोर ठेवली. कपाट नवं होतं, आरशावरचं कंपनीचं स्टिकर अजून काढलेलं नव्हतं. ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेलं. आरशात माझी लाइटची छत्री दिसत होती, म्हणून ती मिटून बाहेर ठेवली, पत्र्याचं दार अर्धं लोटलं आणि तेवढ्या उजेडात ५० एमएमच्या लेन्सने काढला. ते सरळ लेन्सकडे बघताहेत, हात गुडघ्यांवर, मागे कपाट. प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच फोटोसमोर उभे होते.

माझ्या डोक्यातला फोटो काढला असता तर तो चांगला दिसला असता, पण त्या घरी कुणी लावला नसता. ही कसोटी मला पुढे फार उपयोगी पडली: हा फोटो हे लोक आपल्या घरात लावतील का? उत्तर नाही असेल तर तो काढू नका, कितीही बक्षीसपात्र असला तरी. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वरून काढलात की माणूस लहान होतो. रडत असतील तर कॅमेरा खाली ठेवा आणि पाणी द्या.

२००२ च्या गुजरात दंगलीत हात जोडून विनवणारा तो शिंपी आठवतो? जगभर छापला गेलेला फोटो. त्या माणसाला पुढे जिथे जाईल तिथे लोक त्या चेहऱ्याने ओळखू लागले, हातचं काम गेलं, कोलकात्याला जाऊन राहावं लागलं. फोटो खरा होता, छापायला हवाच होता असंही म्हणता येईल. पण त्याची किंमत ज्याने मोजली त्याला कुणी विचारलं नव्हतं. बातमीच्या घाईत विचारायला वेळ नसतो. तुमच्याकडे नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे.

याच्याच जोडीला मजकुराचा प्रामाणिकपणा येतो. कंधमालबद्दल लिहाल तेव्हा हेही लिहा की २३ ऑगस्ट २००८ ला विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्या चार साथीदारांचा खून झाला, माओवाद्यांनी जबाबदारी घेतली, तरी राग ख्रिस्ती वस्त्यांवर निघाला. पन्नास हजारांहून अधिक लोक बेघर झाले. मृतांचा सरकारी आकडा चाळीसच्या आसपास आहे, संघटनांचा शंभरच्या जवळ. दोन्ही लिहा. मणिपूरचं कुटुंब असेल तर ३ मे २०२३ नंतरचा संघर्ष आधी कुकी आणि मैतेई या दोन समाजांतला आहे, त्यात मैतेई ख्रिस्त्यांचीही चर्च जळाली, हे गाळू नका. आपल्या बाजूचं दुःख मोठं दाखवायला दुसऱ्याचं दुःख पुसलं, तर बघणाऱ्याला ते कळतं, आणि मग तो खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

काही होतं का? दंगल फोटोने थांबत नाही. पण फोटो कोण काढतं, याने फरक पडतो, हे मला लिबियाच्या घटनेवरून उमगलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये इसिसने समुद्रकिनाऱ्यावर २१ ख्रिस्ती मजुरांना मारलं आणि स्वतःच त्याचा व्हिडिओ काढून जगाला दाखवला. वीस जण इजिप्तचे, त्यातले तेरा एकट्या अल-और गावचे, आणि एक घानाचा. नारिंगी कपड्यांत गुडघे टेकलेली माणसं, हे चित्र मारणाऱ्यांनी ठरवलेलं होतं. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चने काही दिवसांतच त्यांना हुतात्मा म्हणून जाहीर केलं, त्यांच्या डोक्यावर मुकुट असलेली चित्रं निघाली, २०१८ मध्ये अल-औरला त्यांच्या नावाचं चर्च उघडलं. म्हणजे शेवटचं चित्र त्यांच्या लोकांनी मारणाऱ्यांच्या हातात राहू दिलं नाही. पोर्ट्रेटचं काम मला असंच वाटतं. आपल्याकडे १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं गाडीत जाळली गेली, तेव्हा पेपरात जळालेल्या गाडीचे फोटो आले. माझ्या आईने मात्र त्या कुटुंबाचा एकत्र बसलेला फोटो कापून बायबलमध्ये ठेवला होता.

माणूस समोर नसेल तरीही पोर्ट्रेट होतं. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती बाई ईशनिंदेच्या आरोपावरून २००९ मध्ये पकडल्या गेल्या, २०१८ च्या ऑक्टोबर अखेरीस निर्दोष सुटल्या. मधल्या काळात त्यांच्या मुलींनी आईचा फोटो हातात धरून फोटो काढून घेतला होता. एका चौकटीत दोन चेहरे, एक घरातला, एक तुरुंगातला. आणि चेहरा दाखवणंच शक्य नसेल तर चिन्ह चालतं. २०१४ च्या जुलैत इराकमधल्या मोसुलमध्ये ख्रिस्त्यांच्या घरांवर अरबी 'नून' हे अक्षर रंगवलं गेलं, 'नसरानी' म्हणजे ख्रिस्ती या शब्दाचं पहिलं अक्षर. हाकलण्यासाठी रंगवलेलं ते अक्षर पुढे जगभर लोकांनी सोशल मीडियावर आपल्या फोटोच्या जागी लावलं.

नाशिकमध्येच हे का करावं, असं कुणी विचारलं तर शरणपूर दाखवा. नावातच शरण आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना इथल्या मिशनमध्ये आणून शिकवलं जायचं. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत होता आणि १८७४ मध्ये त्यांचा देह घेऊन इंग्लंडला गेला. शवपेटीसोबतचा त्याचा फोटो आहे. ज्या पोराला एकेकाळी माल म्हणून मोजलं गेलं, त्याचा चेहरा आणि नाव दीडशे वर्षांनी आपल्याला माहीत आहे. त्याच्याबरोबर इथे शिकलेल्या बाकीच्या किती मुलांचं काहीच मागे राहिलं नाही. त्या रस्त्यावरून रोज जाताना मला हे आठवतं.

प्रदर्शनाचं थोडक्यात. फ्लेक्स नको. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स बघून डोळे सरावलेत, त्यावरचा चेहरा कुणी बघत नाही. मॅट कागदावर बारा बाय अठरा इंचाची प्रिंट, साधी चौकट, दोन फोटोंमध्ये भरपूर मोकळी भिंत. दहाच्या वर फोटो नकोत. फोनने फोटो काढू नयेत अशी पाटी दारात आणि आत दोन्हीकडे लावा, एक मुलगा तेवढ्यासाठीच उभा करा. उद्घाटनाला फोटोतल्या माणसांना स्टेजवर बोलावू नका. त्यांना प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, कुणी नसताना, घरच्यांसह बोलवा. तेव्हाही कुणाला नको वाटलं तर काढायला वेळ असतो. नोव्हेंबरचा पहिला रविवार बऱ्याच मंडळ्यांमध्ये छळ सोसणाऱ्या मंडळीसाठी प्रार्थनेचा असतो, तो धरून करा, पण फक्त चर्चच्या लोकांसाठी करू नका. आमच्याकडे शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक जोशीकाकू आल्या होत्या. कपाटाच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "यांच्या तिकडच्या जमिनीवर आता कोण आहे गं?" मला सांगता आलं नाही. त्यानंतर मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारते.

आणि एक काम नक्की करा, पांढरी चादर बरोबर न्या. घर जळतं तेव्हा कागद जळतात आणि फोटोही जळतात. सातपूरच्या त्या गृहस्थांकडे वडिलांचा एकही फोटो उरलेला नाही. लग्नाचा होता, तोही गेला. मी मोठी प्रिंट चौकटीत घालून घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती बघितली, बायकोला दाखवली आणि विचारलं, यातूनच पासपोर्टचे होतील का, रेशन कार्डाला हवेत. मी दारावर चादर लावली आणि घरातल्या चौघांचे आठ-आठ काढून दिले. मोठी प्रिंट माझ्या स्टुडिओत आहे. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकू देत नाहीत, खोली बदलली की नेतो म्हणालेत.